गीझर लावला की घर अंधारात: नवशिक्यांसाठी कानमंत्र

अंगाला साबण लागलाय, गीझरचं बटण दाबलं आणि खट्! घरभर अंधार. घाबरू नका. खालच्या सूचना नीट पाळल्यात तर खरा बिघाड सापडण्याची वेळ तुमच्यावर कधीच येणार नाही.

१. आधी आतूनच ओरडा, "लाइट गेली का?" बाहेरच्याने खिडकीत जाऊन "समोर आहे" असं कळवायचं. तरीही वीज कंपनीला चार शब्द सुनवा. यात तिचा दोष नाही, पण सवय मोडू नये.

२. बोर्डातला पडलेला खटका वर करा. पडला? पुन्हा करा. पुन्हा पडला? आता दात-ओठ खाऊन वरच धरून ठेवा. दोष असेल तर तुम्ही धरलेला असतानाही तो आतल्या आत वीज तोडतो. पण बोटांना तेवढाच व्यायाम.

३. पडला तो नेमका कोणता खटका, हे पाहू नका. नुसता गीझरचा एमसीबी पडला तर जास्त लोड किंवा शॉर्ट सर्किट. अख्खं घर घेऊन ईएलसीबी पडला तर करंट कुठेतरी गळतोय. एवढं कळलं की अर्धं निदान झालं, मग गंमत काय राहिली?

४. मेहुण्याला बोलवा. तो खिशातून टेस्टर काढेल आणि म्हणेल, "सोळाचा एमसीबी कुठे पुरतोय? बत्तीसचा टाका." दोन किलोवॉटचा गीझर २३० व्होल्टवर जेमतेम नऊ अँपिअर घेतो, हे बोलून पाहुण्याचा अपमान करू नका. बत्तीसचा टाकल्यावर जास्त लोडने वायर तापली तरी खटका गप्प राहील. वायर प्लॅस्टरच्या आत आहे. दिसणार थोडीच आहे!

५. तरीही अंधार झाला, तर "ईएलसीबीच जादा सेन्सिटिव्ह आहे" असा निकाल द्या. बिचारा ३० मिलिअँपिअरच्या गळतीवर कांगावा करतो. त्याहून फार मोठा नसलेला करंट काही क्षण छातीतून गेला तर हृदयाचा ठेका चुकू शकतो, ही झाली त्याची बाजू. तुम्हाला कामावर जायचंय. वायरमनला सांगा, "डायरेक्ट करून टाक." शहाणा वायरमन नाही म्हणेल. मग दुसरा शोधा.

६. आता नळाला हात लावला की झिणझिण्या येतील. अभिनंदन, गीझर चालू आहे! यापुढे रबरी चपला घालून अंघोळ. तांब्या नको, प्लॅस्टिकचा मग. पाहुण्यांना आधीच बजावून ठेवा, "नळ कोरड्या हातानेच सोडा हं." आजींना मात्र चुलीवरचं पाणी द्या, त्या या वयात नवं तंत्र शिकणार नाहीत. आणि अर्थिंगची चौकशी चुकूनही करू नका, ती नाही असं कळायचं.

७. एका माणसापासून जपा. तो मेन बंद करेल, ईएलसीबी पुन्हा जोडेल, गीझरची पिन काढेल आणि मग खटका वर करेल. खटका टिकला की म्हणेल, "गीझरच गळतोय." पुढे टाकी उघडून बोअरच्या पाण्याच्या क्षारांनी पांढरंफेक झालेलं, कवच तडकलेलं एलिमेंट पेपरवर मांडेल, नवं बसवेल आणि चहा घेऊन निघून जाईल. त्याचं बिल पाहून मेहुणा म्हणेलच, "एवढ्यात तर बत्तीसचे दोन आले असते."