नाल्यात उतरू दे

सेवाग्राम माझ्या घरापासून आठ किलोमीटर, आणि मी रोज रात्री जेवणानंतर तासभर युद्ध करतो. वर्ध्यात हे चारचौघांत सांगायला जरा लाजच वाटते. युद्ध लॅपटॉपवरचं, षटकोनी घरांच्या नकाशावर, पाळीपाळीनं चालणारं. आधी माझी चाल, मग संगणकाची. मध्येच पाहुणे आले, दूध उतू गेलं, तरी शत्रू हातातली बंदूक तशीच धरून थांबतो. इतका सभ्य शत्रू बाहेर मिळत नाही.

लाजेवर उतारा म्हणून मी गांधीजींनाच पुढे करतो. १९९१ च्या 'सिव्हिलायझेशन' या खेळात भारताचे नेते म्हणून चक्क ते आहेत आणि अणुबॉम्बची धमकी देतात! त्यांच्या आक्रमकपणाचा आकडा १ होता, लोकशाही येताच त्यातून २ वजा झाले आणि तो उलटा फिरून २५५ झाला, अशी दंतकथा वर्षानुवर्षं चालली. खेळाचे जनक सिड मायर यांनी २०२० साली आत्मचरित्रात तिची हवाच काढली: असं काही घडलंच नव्हतं. २०१० च्या पाचव्या भागात मात्र गांधीजींची अण्वस्त्रांची आवड मुद्दाम, थट्टा म्हणून वाढवून ठेवली होती. बापूकुटीच्या मातीच्या भिंती लहानपणापासून पाहिलेल्या माणसाला ही थट्टा जरा जास्तच लागते, आणि हसूही जास्तच येतं.

माझा खरा आवडीचा खेळ 'पँझर जनरल', १९९४ चा. हल्ला मला बरा जमतो. बचावात मार खातो. नदी दिसली की काठानं ओळीत तुकड्या उभ्या करायच्या, एकही घर मोकळं सोडायचं नाही, ही माझी पद्धत. ओळ दिसायला सुरेख. एका जागी तुटली की सगळी कामातून जाते.

मागच्या हिवाळ्यात मामा दवाखान्याच्या कामानं आले आणि मुक्कामी राहिले. त्यांचं वावर हिंगणीच्या बाजूला, बोरच्या जंगलाजवळ. हरभऱ्याच्या दिवसांत रानडुकरं आणि रोही रात्री येतात, म्हणून मामा आयुष्यभर जागल करत आलेले. खुर्ची ओढून ते माझ्या मागे बसले, बराच वेळ काही बोलले नाहीत.

"हे काय, साऱ्या धुऱ्यावर माणसं उभे केले तुनं? मंग वावरात कोण?"

मी म्हटलं, मामा, नदी आहे, शत्रूला ओलांडू द्यायचं नाही.

"कायले अडवतं? नाल्यात उतरू दे, मंग हाण."

मी त्यांचं ऐकलं. काठ सोडून दोन घरं मागे आलो. शत्रूचे रणगाडे नदीत उतरले, आणि या खेळात नदीत उभ्या तुकडीचा बचाव अगदीच लंगडा पडतो. तीन रणगाडे बुडाले म्हणायला हरकत नाही. पायदळाच्या पाठीशी तोफ लावून ठेवली होती. हल्ला झाला की आधी तीच बोलते. आणि पायदळ हलवलं नाही, तर दर पाळीला त्याचा खंदक आणखी खोल होतो. माझी अडचण इथेच. हातात माउस असताना काहीच न करणं मला जमत नाही.

मामांना जमतं. त्यांनी वावराच्या तीन बाजूंना जुन्या साड्या बांधल्यात, चौथी नाल्याकडची मोकळी. "सारं बंद केलं तं डुक्कर कुठूनबी घुसते. वाट ठेवली तं तिथूनच येते." त्याच वाटेवर मचाण, बॅटरी आणि तेलाचा रिकामा डबा. डबा वाजवायचा तो डुक्कर नाल्यात असतानाच. आधी वाजवला तर ते फिरून दुसरीकडून येतं. थंडीत घोंगडीखाली दोन-दोन तास हात न हलवता बसून राहायचं. नाल्याकाठची हरभऱ्याची दोन तासं त्यांनी पेरतानाच सोडून दिलेली असतात. "ते त्याईचे," म्हणाले. माझ्याच्यानं नकाशावरचं एक ओसाड खेडं सुटत नाही.

परवा मामांचा फोन आला. काठाची दोन तासं गेली, बाकी हरभरा घरी आला. माझं शहर मात्र शेवटच्या पाळीला पडलं. तोफा मी पुढे नेल्या होत्या.