बॅटरीच गेलीय, लिहून घ्या!

पार्किंगमध्ये कुणाचं बॉनेट वर गेलं, की लिफ्टमधून काका उतरतात. हात मागे, पायात स्लिपर, नजर थेट बॅटरीवर. ‘एबीएसचा दिवा मधूनच लागतो आणि...’ इथवर मालकाचं वाक्य येतं, तोच निकाल लागतो: ‘बॅटरीच गेलीय, लिहून घ्या!’ अशा काकांच्या अज्ञानावर हसायची पद्धत आहे. ती मला पटत नाही. काकांना पुष्कळ कळतं. त्यांची ख्याती मात्र ज्ञानावर नव्हे, दिव्याच्या लहरीपणावर उभी आहे. सतत पेटून राहणाऱ्या दिव्याच्या वाटेला ते सहसा जात नाहीत. तिथे इलाज फसला की चारचौघांत फसतो. येणारा-जाणारा दिवा मात्र आपल्या मर्जीनेच विझणार असतो. पाळीच्या तापाला गंडा बांधावा तसं काका टर्मिनल हलवतात, वर गरम पाणी ओततात, दिवा जातो आणि श्रेय जमा होतं. आठवड्याने परत लागलाच, तर ‘बॅटरी बदला म्हटलं होतं ना!’ हे तयार असतंच.

कुणी म्हणेल, पण बॅटरी खरंच गेलेली निघते की! निघते, आणि बऱ्याचदा निघते. बॅटरी थकली की सेल्फ मारताना व्होल्टेज इतकं कोसळतं, की एबीएस, स्टिअरिंग, एअरबॅग यांचे छोटे संगणक बावचळतात आणि एकमेकांशी काडीचा संबंध नसलेले दिवे एकदम लागतात. अल्टरनेटरने भरपाई केली की विझतात. पण टर्मिनलवर क्षार चढला किंवा अर्थिंगची वायर सैल असली तरी हेच होतं, आणि अल्टरनेटर नीट चार्ज करत नसला तरी दिवे लागतातच. गोम इथेच आहे. हा निवाडा डोळ्यांनी होत नाही, मल्टिमीटरने होतो. रात्रभर उभ्या गाडीत 12.6 व्होल्ट दिसले तर बॅटरी भरलेली, 12.2 म्हणजे जेमतेम निम्मी. इंजिन सुरू झाल्यावर बहुतेक गाड्यांत 13.8 ते 14.4 दिसायला हवेत. आकडा बाराच्याच घरात रेंगाळला, तर कोरी बॅटरीही लवकरच झोपणार. मल्टिमीटर काही शे रुपयांत मिळतो. काकांकडे तो नसतो, कारण आकडा दिसला की चर्चा संपते.

सर्व्हिस सेंटर तरी वेगळं काय करतं, हा आक्षेप खोटा नाही. स्कॅनर लावायचा आणि कोडमध्ये ज्या सेन्सरचं नाव येईल तो बदलून टाकायचा, हेही काकाच. फक्त गणवेशातले आणि जीएसटीसह. तक्रार कुणाची आहे ते कोड सांगतो, दोष कुणाचा ते नेहमी सांगत नाही. उलट सकाळी सातला गाडी घरघरून गप्प होते तेव्हा खाली येतात ते काकाच. जंपर केबल त्यांच्याचकडे असते, आणि काळ्या केबलचं शेवटचं टोक बंद गाडीच्या बॅटरीला न लावता इंजिनच्या उघड्या धातूला लावायचं, हेही त्यांनाच ठाऊक असतं. तेव्हा काकांना जरूर बोलवावं. फक्त अल्टरनेटर तपासतो म्हणून चालू इंजिनवर बॅटरीची केबल काढायला निघाले, तर हात धरावा. पद्मिनी-अ‍ॅम्बॅसेडरच्या जमान्यात ते खपून जायचं. आजच्या गाडीत व्होल्टेज उसळून संगणक जळू शकतो, आणि त्याच्या बिलात बॅटऱ्या कितीतरी येतात.