लिनक्सचा डेमो : शास्त्रोक्त विधी

लिनक्स यूजर ग्रुपचा मेळावा ठरला की डेमो ठरवण्यासाठी आधी एक बैठक घ्यावी आणि ती कोणते डिस्ट्रो वापरायचे या वादात घालवावी. डेबियनवाल्याने स्थैर्याची महती गावी. आर्चवाल्याने आपण आर्च वापरतो हे सांगावे; कुणी विचारण्याची वाट पाहू नये. दुसरा चहा झाला की बैठक यशस्वी झाली असे समजावे.

विषय निवडताना श्रोत्यांचा विचार मनात आणू नये. पहिल्या रांगेत एक निवृत्त काका हमखास असतात. विंडोज १० चे नेहमीचे मोफत अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबले, विंडोज ११ ला टीपीएम २.० लागते आणि काकांच्या लॅपटॉपात ते नाही. धडधाकट यंत्र भंगारात जाऊ नये, एवढेच त्यांचे म्हणणे. अशांपुढे कर्नल कंपाइल करून दाखवावा. पडद्यावर अक्षरे धावत राहतात, वेळ छान जातो आणि प्रश्न काय विचारावा हेच कुणाला कळत नाही.

लाइव्ह पेनड्राइव्हचा मोह मात्र टाळावा. अख्खी सिस्टिम पेनड्राइव्हवरून चालते, पसंत पडली नाही तर तो काढून रीस्टार्ट करायचे, विंडोज जागच्या जागी! हे पाहून काका खुर्ची पुढे ओढतात आणि मग वेळापत्रक कोलमडते.

प्रोजेक्टर आदल्या दिवशी तपासणे हा भित्रेपणा होय. हॉलमध्ये व्हीजीए केबल आणि तुमच्या लॅपटॉपला फक्त यूएसबी-सी, हा योग जुळून यावा लागतो. टर्मिनलचा फॉन्ट बारीक ठेवावा. काळ्या पार्श्वभूमीवर फोल्डरांची नावे गडद निळी उमटतात, ती तशीच राहू द्यावीत. मागच्या रांगेला वाचता येऊ लागली तर गूढ काय उरले?

एखाद्या शिक्षिकाबाई विचारतील, "यात मराठी टाइप होतं का हो?" होते. सेटिंगमध्ये जाऊन मराठी इन्स्क्रिप्ट कीबोर्ड जोडला की झाले. पण इतके सोपे उत्तर ग्रुपच्या प्रतिष्ठेला शोभत नाही. "आयबस कॉन्फिगर करा," असे म्हणून पुढच्या स्लाइडकडे वळावे.

तरीही काका लाइव्ह पेनड्राइव्ह मागतीलच. तो माऊस वापरून बनवणे कमीपणाचे. डीडी ही आज्ञाच द्यावी. ती "नक्की ना?" असे विचारत नाही. दाखवाल ती डिस्क मुकाट्याने पुसून टाकते, मग ती पेनड्राइव्हची असो वा लॅपटॉपची. त्याआधी रीतीप्रमाणे विचारावे, "काका, बॅकअप घेतलाय ना?" काका ठामपणे हो म्हणतात. सगळे फोटो त्यांनी एका पेनड्राइव्हवर घेतलेले असतात, आणि तोच त्यांनी मघाशी तुमच्या हातात दिलेला असतो.