मुलचेऱ्यात वाऱ्याचा भाव

सुझलॉन ही पवनचक्क्या बनवणारी पुण्याची कंपनी. तिचे भागधारक पन्नास लाखांच्या वर आहेत आणि वारा असो वा नसो, ते देशभर आढळतात. गडचिरोली जिल्ह्यातला मुलचेरा तालुका वारा नसणाऱ्यांत मोडतो. जंगल, धान, तळ्यातली मासळी आणि पूर्व पाकिस्तानातून येऊन वसलेल्या बंगाली कुटुंबांची गावे ही तालुक्याची ओळख. पवनचक्क्या पाहायच्या तर साताऱ्याकडे वनकुसवड्याचे पठार गाठावे लागते किंवा साक्री तालुक्यातले ब्राह्मणवेल. म्हणजे महाराष्ट्र आडवा कापणे आले. अर्थात शेअर घेण्याआधी माल पाहून यावा, अशी अट सेबीनेही घातलेली नाही.

कंपनीचा जन्म विजेच्या बिलातून झाला. तुलसी तांती यांचा कापडाचा धंदा होता. विजेचा खर्च परवडेना म्हणून त्यांनी दोन पवनचक्क्या बसवल्या आणि 1995 मध्ये कापड सोडून वाराच विकायला घेतला. 2005 मध्ये शेअर 510 रुपयांना बाजारात आला. जानेवारी 2008 मध्ये 10 रुपये दर्शनी किमतीच्या एका शेअरचे 2 रुपयांचे पाच तुकडे झाले, आणि तुकड्यांच्या हिशेबाने पाहिले तर त्या महिन्यात भाव साडेचारशेच्या आसपास पोचला होता. दरम्यान कंपनीने बेल्जियमची हॅन्सन आणि जर्मनीची रीपॉवर घेतली, दोन्ही बरेचसे कर्ज काढून. मग जागतिक मंदी आली, अमेरिकेत काही पात्यांना तडे गेले आणि ऑक्टोबर 2012 मध्ये सुमारे 20 कोटी डॉलरचे परकीय रोखे फेडणे जमले नाही. 2020 मध्ये शेअर 2 रुपयांच्या घरात होता. ऑक्टोबर 2022 च्या पहिल्याच दिवशी तांती गेले. त्याच महिन्यात जुन्या भागधारकांना 5 रुपयांनी हक्कभाग मिळाले. 2023 मध्ये कर्ज फिटले आणि सप्टेंबर 2024 मध्ये भाव 86 ला लागला.

यावरून भागधारकांच्या जाती ठरतात. ‘तीनशेवाला’ 2008 चा. चहाच्या टपरीवर शेअरचा विषय निघाला की तो पावसाकडे वळवतो. ‘पाचवाला’ सल्ला देतो, तोही न मागता. ‘ऐंशीवाला’ दोघांच्या मध्ये बसतो आणि मोबाइल उलटा ठेवतो. पाचवाल्याचे ठरलेले वाक्य असे: “काका, इकू नका, पाचशेवर जाते.”

पाचशे हा आकडा कुठून आला, याचे मूळ 2008 च्या भावात आहे. पूर्वी जवळपास गेला होता, म्हणजे पुन्हा जाईल, हा त्यामागचा युक्तिवाद. मधल्या काळात शेअरची संख्या बदलली, हे त्यात धरलेले नसते. कर्जाच्या बदल्यात, हक्कभागांतून, बड्या गुंतवणूकदारांना विकून असे नवे शेअर निघत गेले आणि आज ते सुमारे 1,360 कोटी आहेत. त्यांना पाचशेने गुणले की 6 लाख 80 हजार कोटी होतात. महाराष्ट्र सरकारचा 2025-26 चा अर्थसंकल्प सुमारे 7 लाख कोटींचा. म्हणजे पाचवाल्याच्या हिशेबाने सुझलॉनच्या हडपसरमधल्या कचेरीची किंमत अख्ख्या मंत्रालयाच्या वर्षभराच्या खर्चाला जाऊन टेकते. दोन रुपयांचा शेअर ‘स्वस्त’ आणि दोन हजारांचा ‘महाग’, हा समजही इथलाच. शेअर किती आहेत हे विचारल्याशिवाय भाव सांगणे म्हणजे पुडे न मोजता तेंदूपत्त्याचा हिशेब करणे होय.

गंमत अशी, की तेंदूच्या बाबतीत याच तालुक्यात कोणी फसत नाही. पुडा 70 पानांचा. फळीवर, म्हणजे संकलन केंद्रावर, एखाद्यात पाने कमी भरली तर लगेच भांडण. ठेकेदाराची बोली मात्र पाने फुटायच्या आधीच लागते. म्हणजे न आलेल्या मालावर पैसे लावण्याची रीत इथे शेअरबाजाराच्या आधीपासून आहे. फरक एवढाच, की ठेकेदार झुडपे पाहून जातो.

कंपनीच्या वाढीचा अंदाज बांधण्याचे मुख्य साधन म्हणजे ऑर्डर बुक. 2025 मध्ये त्यात पाच हजार मेगावॉटहून जास्त मागणी जमा होती. ऑर्डर आली की टपरीवर पेढे निघतात. पण ऑर्डर म्हणजे वीज नव्हे. 144 मीटर व्यासाचे चक्र डोंगरावर न्यायचे तर रस्ता हवा, जमीन हवी, पारेषणाची तार हवी. यातले एक अडले की चक्की उभी आणि बिल आडवे. शिवाय वाऱ्याची शक्ती वेगाच्या घनावर चालते: वेग निम्मा झाला की शक्ती आठवा हिस्सा उरते. भागधारकाचा उत्साहही साधारण याच सूत्राने कमी होतो.

दीर्घकालीन गुंतवणुकीला मुलचेऱ्यात निसर्गाची साथ आहे. वादळी पावसात वीज जाते, टॉवर बंद पडतो आणि रेंज जाते. मग मनात असूनही विकता येत नाही. यालाच दुसऱ्या दिवशी संयम म्हणतात.

विक्रीनंतरचे नियम सोपे आहेत. वर्षभराच्या आत विकल्यास नफ्यावर 20 टक्के कर, त्यानंतर वर्षाकाठी सव्वा लाखापर्यंतच्या नफ्यावर काहीच नाही. ही मर्यादा टपरीवर अजून कोणाला आडवी आलेली नाही. तोटा आठ वर्षे पुढे ओढता येतो. त्यासाठी विवरणपत्र मुदतीत भरावे लागते आणि त्याआधी शेअर प्रत्यक्ष विकावा लागतो, त्यामुळे तीनशेवाल्याने हे कलम अद्याप वापरलेले नाही.