चंगीझखानाला लाकूड कमी पडतं

प्रशांत महासागरापासून कॅस्पियन समुद्रापर्यंत राज्य पसरवलेला माणूस लाकूड नाही म्हणून खोळंबलेला मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिला आहे. भाच्याच्या कॉम्प्युटरवर. 'एज ऑफ एम्पायर्स'चा हा दुसरा भाग 1999 सालचा, म्हणजे भाच्यापेक्षा वयाने मोठा. पण भाचा त्याला जेवढा मान देतो तेवढा घरातल्या कुठल्याही वडीलधाऱ्याला देत नाही.

"मामा, थांब. घरं बांधल्याशिवाय माणसं वाढत नाहीत."

एका घरात पाच माणसं, हा खेळाचा नियम. घर नाही तर पुढचा गावकरी नाही, पुढचा स्वार नाही. मी म्हटलं, अरे, हे मंगोल. जन्मभर तंबूत राहिलेले. यांना कसली घरं बांधायला लावतोस? तर तो म्हणाला, हूणांना लागत नाहीत. पुढच्या वर्षी आलेल्या जोडभागात हूण आले, त्यांना घरांची अट माफ. मंगोलांना माफी नाही. कुठल्या कार्यालयात, कुणाच्या सहीने हा निर्णय झाला ते कळायला मार्ग नाही, पण निर्णयाची तऱ्हा मला ओळखीची वाटली.

घरं झाल्यावरही स्वारी निघत नाही. एक एकटा घोडेस्वार मेंढरं शोधत माळावर हिंडतो. मंगोल शिकारीत इतरांपेक्षा चलाख, एवढी सवलत त्यांना दिलेली आहे. नवीन गावकऱ्यासाठी 50 अन्न मोजायचं, त्याला झाडं तोडायला धाडायचं, मग शेतं करायची. होय, शेतं. चंगीझखानाचे मंगोल नांगरटीला. मंगुदाई नावाचे त्यांचे खास धनुर्धारी स्वार हवे असतील तर ते किल्ल्यातच तयार होतात आणि किल्ल्याला 650 दगड पडतात. म्हणजे ज्यांनी आयुष्यभर दुसऱ्यांचे किल्ले पाडले, त्यांनी आधी स्वतःचा बांधायचा आणि मगच पाडापाडीला लागायचं. भाचा ही सगळी कामं अशा निष्ठेने करतो की त्याच्या आईने पाहिलं तर ती मुलगा वाया गेला म्हणायचं सोडून त्याला लगेच वाण्याकडे पाठवेल.

या खेळात चंगीझखानाच्या नावाची वेगळी मोहीमही आहे. तिच्या पहिल्याच टप्प्यात टोळ्या एकत्र करायच्या असतात आणि प्रत्येक टोळी काहीतरी मागून घेते. कुणी म्हणतं, ऑर्नलू नावाचा लांडगा फार त्रास देतो, त्याला मारा, मग येतो तुमच्याबरोबर. आता मंगोलांची आपल्या मूळपुरुषाबद्दलची कथा अशी की निळसर करडा लांडगा आणि हरिणी यांच्यापासून खानाचं कूळ सुरू झालं. तेव्हा भाच्याने मोठ्या उत्साहात चंगीझखानाच्या हातून जो मारवला तो नात्याने खापरपणजोबाच्याही पलीकडचा कोणीतरी निघतो. जपानी कंपनी कोएईने 1985 साली याच खानावर खेळ काढला तेव्हा त्यांनी निदान ही वंशावळ पाहिली होती. खेळाचं नावच निळा लांडगा आणि पांढरी हरिणी असं ठेवलं. त्या खेळात मात्र खानाला लढाईइतकाच वेळ वारस होण्यासाठी जनानखान्यात काढावा लागतो. तो भाग मी भाच्याला सांगितलेला नाही.

'सिव्हिलायझेशन' या दुसऱ्या खेळमालिकेची तऱ्हा आणखी न्यारी. सिड मायरच्या 1991 च्या पहिल्या खेळापासून चंगीझखान तिथे आहे, आणि महात्मा गांधीही. खेळ सुरू होतो ख्रिस्तपूर्व 4000 मध्ये, चालतो एकविसाव्या शतकापर्यंत, आणि एवढ्या काळात दोघंही मरत नाहीत. शेजारी शेजारी राहतात, सरहद्दीवरून कुरबुरतात. जगभरच्या खेळाडूंमध्ये एक दंतकथा पसरली की आकडेमोडीतल्या चुकीमुळे गांधीजी एकदम चवताळून अणुबाँब टाकतात. अशी चूक कधी नव्हतीच, असं मायरने 2020 च्या आत्मचरित्रात सांगून टाकलं. तोवर उशीर झाला होता. पाचव्या भागाच्या मुख्य रचनाकाराने गंमत म्हणून गांधींची अणुबाँबची हौस मुद्दाम दहापैकी बारावर नेऊन ठेवली होती. चंगीझखान बिचारा घोडे मोजत बसतो. 2018 मध्ये सहाव्या भागात तो आला तेव्हा त्याचा स्वभाव असा ठरवला गेला की आपल्यापेक्षा जास्त घोडदळ कोणाकडे दिसलं की त्याला राग येतो. माणसाचा एवढाच स्वभाव असता तर बरंच झालं असतं.

पण त्याच खेळात एक जागा मला फार धूर्त वाटली. मंगोलांचा व्यापारी दुसऱ्याच्या शहराकडे निघाला की तिथे त्यांचं ठाणं लगेच तयार होतं, शेजाऱ्याची आतली खबर मिळते आणि त्या खबरीवर मंगोल सैन्याचं बळ वाढतं. आता इतिहास पाहा. 1218 साली खानाचा व्यापारी तांडा ख्वारिज्मच्या ओत्रार शहरात पोहोचला. तिथल्या सुभेदाराने, इनालचुकने, हे हेर आहेत असं म्हणून सगळ्यांना कापून काढलं. माल ठेवून घेतला, हे ओघाने आलंच. पाठोपाठ आलेल्या खानाच्या दूतालाही ख्वारिज्मच्या शहाने मारलं, आणि मग जे घडलं त्यात ते राज्यच उरलं नाही. आठशे वर्षं इतिहासकार इनालचुकला हावरा आणि मूर्ख म्हणत आले. खेळ बनवणारे मात्र सरळ त्याच्या बाजूने साक्ष देऊन मोकळे झाले: व्यापारी हेरच असतात!

ख्वारिज्मच्याच मर्व्ह आणि नेशापूर या शहरांचं 1221 साली काय झालं ते मात्र यातल्या कुठल्याच खेळात नाही. तिथे माणसं ठार झाली ती शहरंच्या शहरं. पडद्यावर गावकरी 'आह' करून आडवा होतो आणि थोड्या वेळाने गवतात विरून जातो. खेळांमुळे मुलं हिंसक होतात अशी तक्रार करणाऱ्या पालकांनी एकदा खरा इतिहास वाचावा. वाचून झाला की मुलांना आपणहून खेळायला बसवतील.

मला खरा राग आहे तो दुसऱ्याच गोष्टीचा. खेळांनी खानाच्या हाती तलवार दिली, मिशा दिल्या, घोगरा आवाज दिला, पण त्याचं सगळ्यांत चांगलं वैशिष्ट्य गाळलं. तो लहानपणी कुत्र्यांना घाबरायचा. ही माझी थाप नाही. 'मंगोलांचा गुप्त इतिहास' हा तेराव्या शतकातला त्यांचा स्वतःचा ग्रंथ, त्यात हे लिहिलेलं आहे. नऊ वर्षांच्या तेमुजिनला, म्हणजे पुढच्या चंगीझखानाला, बाप भावी सासऱ्याकडे ठेवून निघतो आणि जाताना सांगतो की पोरगं कुत्र्यांना भितं, तेवढं सांभाळा. रात्री साडेअकराला स्कूटरवरून आमच्या गल्लीत शिरणाऱ्या प्रत्येक सभ्य गृहस्थाला या वाक्याने किती आधार मिळेल! परतताना तातारांनी त्या बापाला विष घातलं. भाऊबंदांनी विधवेला आणि पोरांना माळावर सोडून दिलं. आईने कंदमुळं खणून पोरं जगवली आणि पुढे पकडलेल्या माशावरून भांडण होऊन तेमुजिनने सावत्र भावाला बाण मारून संपवलं. पळवून नेलेली बायको परत आणायला त्याला मित्रांच्या फौजा उसन्या घ्याव्या लागल्या. तिथून 1206 साली ओनोन नदीकाठच्या सभेत सगळ्या टोळ्यांचा खान होईपर्यंतचा हा पट कुठल्याही खेळाला पुरून उरला असता. पण त्यात लाकूड तोडायला वाव नाही.

म्हातारपणी त्याला मरणाची चिंता लागली. अमरत्वाचं औषध जाणणारा म्हणून त्याने चीनमधून चिऊ छूची या ताओपंथी साधूला बोलावणं धाडलं. सत्तरी ओलांडलेला तो साधू हजारो मैल तुडवत हिंदुकुशाजवळ पोहोचला, 1222 मध्ये त्याची भेट झाली, आणि त्याने तोंडावर सांगितलं की आयुष्य जपायचे उपाय आहेत, अमर करणारं औषध नाही. खान चिडला नाही. उलट पुढे साधूला आणि त्याच्या शिष्यांना करमाफी दिली. असा ग्राहक कोणत्याही वैद्याला मिळत नाही. 1227 मध्ये खान गेला. आज भाचा दर दहा मिनिटांनी 'सेव्ह' करतो, हरला की 'लोड' करतो, आणि खान परत तंबूबाहेर उभा.

माझा निकाल विचाराल तर मंगोलांना त्यातल्या त्यात न्याय दिला तो 2021 च्या चौथ्या 'एज ऑफ एम्पायर्स'ने. तिथे त्यांना घरं लागतच नाहीत. बिऱ्हाड गाड्यांवर लादायचं आणि पुढच्या कुरणात उतरायचं. दगडी तटबंदी बांधायची त्यांना सोयच ठेवलेली नाही. नुसता खान बघायचा असेल तर हाच भाग घ्या. भाच्याच्या कॉम्प्युटरवर तो रडतखडत चालतो, नवं ग्राफिक्स कार्ड लागेल असं तो म्हणतो. तुमच्याकडे पैसे कुणी द्यायचे ते तुम्ही ठरवा. आमच्याकडे ते ठरलेलं आहे, आणि खंडणी हप्त्याने चालणार नाही असंही मला कळवण्यात आलं आहे.