मोजणाऱ्या काकू

प्रत्येक महिला मंडळाला एक अध्यक्षा असते. ती समई लावते, फोटोत मधोमध उभी राहते आणि ‘महिलांनी पुढे आलं पाहिजे’ असं भाषण करते. बाया खरोखर पुढे आल्या का, आल्या तर किती आल्या आणि आलेल्यांपैकी वर्गणी कुणी बुडवली, हे बघणारी बाई वेगळी असते. हिंगोलीत कुठल्याही गल्लीत गेलात तरी तिला काकूच म्हणतात. तिला पद नसतं, वही असते.

वही नातवाची, मागच्या इयत्तेतली. पुढची पानं त्याच्या गणितांची. त्यातली चुकलेली गणितं काकूंनी जाता जाता दुरुस्त केलेली असतात. मागच्या बाजूने मंडळ सुरू होतं. भिशी कुणाला लागली, कुणाची बाकी आहे, नवरात्रात सतरंजी कुणाच्या घरी गेली आणि परत आली नाही, सगळं तिथं. 2024 पासून वर्गणीची तारीखही पक्की झाली आहे. लाडक्या बहिणीचे 1500 आल्याचा मेसेज मोबाईलवर वाजायचा अवकाश, काकू दारात. “आले म्हणं तुमचे?” आपल्या खात्याची बातमी आपल्याआधी काकूंना कशी कळते, हे बँकेने एकदा तपासावं.

काकू एकपासून मोजत नाहीत. खळ्यावर धान्य मापताना पहिल्या मापाला लाभ म्हणायचं, ती रीत त्यांनी बायांना लावली आहे. लाभ, दोन, तीन, चार. मग सहलीला निघताना लाभ होण्यासाठी पहिल्या सीटवर बसायची चढाओढ लागते आणि एसटी सुटायच्या आधीच दोघी एकमेकींशी बोलायच्या बंद होतात.

संक्रांत ते रथसप्तमी हा काकूंचा खरा हंगाम. एका वर्षी मंडळाने वाण म्हणून हळदीची पुडी लुटायचं ठरवलं. हा ठराव कुणाचा होता, ते आता कुणीच कबूल करत नाही. ‘वसमत हळदी’ला भौगोलिक मानांकन 2024 साली मिळालं, इथल्या बाईची परीक्षा त्याहून फार जुनी. पुडी हातात पडली की प्रत्येकीने ती तिथंच फोडली, चिमूट तळहातावर चोळली, हुंगली. “भेसळ वाटायली माय.” “काय भावानं घेतली?” “माझ्या भावाच्या घरची याच्याहून पिवळी असती.” हळदीकुंकू बाजूला राहिलं आणि संत नामदेव मार्केटातला सौदा आमच्या बैठकीत उभा राहिला. काकूंनी निमूटपणे पावती काढून दाखवली. पुढच्या वर्षीपासून प्लास्टिकचे डबे. डबा कुणी हुंगत नाही.

पण काकूंची कसोटी लागते ती सहलीला. पूर्वी काळी-पिवळीत कोंबून जावं लागे. 17 मार्च 2023 पासून एसटीत बायांना अर्धं तिकीट झालं आणि मंडळाला पाय फुटले. नर्सीला नामदेवांच्या जन्मगावी, सिद्धेश्वर धरणावर, माहूरला. पंच्याहत्तर पूर्ण झालेल्यांना तर तिकीटच नाही. आमच्यातल्या एका आजीचं वय कित्येक वर्षं अडुसष्टवर थांबलं होतं. ते एसटी स्टँडवर एका रात्रीत पंच्याहत्तरच्या पुढे गेलं. कंडक्टरने आधार कार्ड मागितलं. जन्मतारीख 1 जानेवारी, अर्ध्या गावाची असते तशी; पण साल बरोबर निघालं. काकूंनी वहीत आजींच्या नावापुढे शून्य लिहिलं. पुढच्या हळदीकुंकवाला आजी पुन्हा अडुसष्टच्या.

औंढा नागनाथला आम्ही नेहमी जातो. ज्योतिर्लिंग आहे आणि पंचवीसेक किलोमीटरवर आहे. यातलं कुठलं कारण मोठं, ते वहीवरून ठरवावं. सोबत काय आणायचं याचीही यादी काकू करतात: कुणी चटणी, कुणी दही, कुणी गोड. सगळ्याजणी धपाटेच आणतात.

देवळात शिरायच्या आधी काकूंचा हुकूम असतो, “दर्शन झालं की नंदीपाशी जमा व्हा.” नव्या सुना समोर जाऊन नंदी शोधत बसतात. इथं नंदी मागच्या बाजूला. नामदेवांना कीर्तनासाठी देवळामागे जायला सांगितलं, तेव्हा देऊळच त्यांच्याकडे तोंड करून फिरलं आणि नंदी राहिला पाठीमागे, अशी कथा. काकू ती पूर्ण सांगतात आणि शेवटी स्वतःची ओळ जोडतात: “नामदेवासाठी देऊळ फिरलं होतं. तुमच्यासाठी एसटी फिरायची नाही.”

गाभारा खाली तळघरात. वाट अरुंद, वाकून उतरायचं. त्या तोंडाशी काकू बसतात, पुढ्यात सगळ्यांच्या पिशव्या. किती खाली गेल्या, किती वर आल्या, बोटांच्या पेरांवर चालूच. बाहेरच्या कोरीव भिंती पाहायला माणसं दुरून येतात. काकूंनी त्या पाहिल्या आहेत, पण कुणी मूर्तींआड फोटो काढत रेंगाळली आहे का, हे बघण्यापुरत्या. “काकू, तुम्ही जा की खाली, आम्ही बसतो पिशव्यांपाशी,” असं म्हटलं तर म्हणतात, “देव कुठं जातोय? ह्या बायाच जातात.”

औंढ्याजवळ दुधाळ्याला विज्ञानाचा मोठा प्रकल्प, ‘लायगो’, उभा राहतो आहे. चार-चार किलोमीटरच्या दोन भुजा, आणि त्यांनी अंतराळातून आलेली अणूहूनही बारीक थरथर मोजायची. ही माहिती कुणीतरी एसटीत वाचून दाखवली. बाकीच्या पेंगत होत्या. काकू एकदम सावरून बसल्या. “ते लोक मोजलेलं दोनदा मोजतेत का?” त्यांनी विचारलं. खरं म्हणजे तशीच दोन यंत्रं अमेरिकेत आहेत आणि त्यांचा मेळ बसला की मोजणी पक्की धरतात, असं सांगितल्यावर काकूंनी मान डोलावली. शास्त्रज्ञांवर त्यांचा पहिल्यांदाच विश्वास बसलेला दिसला.

मागच्या सहलीला आम्ही सत्तावीसजणी होतो. चहा, नारळ, तिकिटं वजा जाऊन चोपन्न रुपये उरले. माणशी दोन. हे दोन रुपये परत करायला काकू घरोघर फिरल्या. दोन रुपये आणून देणाऱ्या बाईला चहा न देता कसं पाठवणार? चहाबरोबर शेव येते, शेवेबरोबर सासू येते, सासूबरोबर सगळी भाऊबंदकी. कुणाची सून माहेरी जाऊन बसली, कुणाच्या रानात हळद कुजली, कुणाला यंदा माहूर करायचंय, हे सगळं वहीत चढत गेलं. शेवटी त्या आमच्याकडे आल्या. मी म्हटलं, “काकू, दोन रुपयांचं काय एवढं? राहू द्या तुमच्याकडंच.”

काकूंनी कप खाली ठेवला.

“राहू द्या म्हणतीस, अन् मी वहीत काय लिहू?”