पराभूतांचे सल्लागार

डोलवीच्या नाक्यावर चहाला बसलात आणि शेजारी नाना असतील, तर आपला वडा आणि आपला कटिंग चटकन संपवून टाकावा. प्लेट भरलेली दिसली की नाना ती पुढे ओढतात आणि इसवी सनापूर्वी २१६ सालची कॅनीची लढाई सुरू होते. वडा म्हणजे रोमन सैन्य, सुमारे ८०,०००. ग्लास म्हणजे हॅनिबल, माणसं जेमतेम ५०,०००. मधले ग्लास हळूहळू मागे सरकतात, वडा चेकाळून आत घुसतो, दोन्ही बाजूंचे ग्लास मिटत येतात आणि मागून चटणी, म्हणजे घोडदळ, रस्ता बंद करते. नेमक्या त्याच क्षणी कुणीतरी आपला चहा उचलतो आणि हॅनिबलचं डावीकडचं आफ्रिकन पायदळ घशाखाली जातं.

"तो ग्लास ठेव खाली! रोमन निसटतील!" नाना ओरडतात.

नाना इथल्या पोलाद कंपनीतून निवृत्त झालेले. २०१० साली मालक बदलले, पण नानांच्या तोंडी अजून 'इस्पात' हे जुनं नावच आहे. रोमन युद्धशास्त्र त्यांना कुठून चिकटलं ते कुणी विचारत नाही, कारण उत्तर लांबतं. एकदा एका पोराने धीर करून म्हटलं, "नाना, आपला काय संबंध त्या रोमशी?" त्यावर चौल कसं जुनं बंदर, रोमचा व्यापार तिथवर कसा पोचला होता, जुन्या ग्रीक प्रवासवर्णनात त्याचं 'सेमिल्ला' हे नाव कसं येतं, इथपासून सुरुवात झाली. पोराची फर्स्ट शिफ्ट चुकली.

असा लढायांचा नाद असलेला माणूस गावोगाव सापडतो. पण इतरांचा जीव जिंकणाऱ्यात अडकलेला असतो, नानांचा हरणाऱ्यात. हॅनिबलची तारीफ ते अर्ध्या वाक्यात उरकतात. खरी वेळ जाते ती व्हॅरोला झापण्यात. रोमनांचे दोन सेनापती, व्हॅरो आणि पॉलस, एक दिवसाआड हुकूम चालवायचे. "एका फर्नेसला दोन साहेब! एक म्हणतो ताव वाढवा, दुसरा म्हणतो उतरवा. मग काय होणार?" रोमन सेनापती क्रॅससवर तर त्यांचा खास राग. इसवी सनापूर्वी ५३ मध्ये कार्हीच्या मैदानात तो वाट बघत राहिला की पार्थियनांचे बाण आता संपतील, मग संपतील. तिकडे मागे बाणांनी लादलेले उंट उभे. "अरे, स्टॉक किती आहे ते आधी काढायचं ना!" नाना कळवळून म्हणतात. क्रॅससला मरून दोन हजार वर्षं झाली. नानांना मात्र तो थोडक्यात हुकला असं वाटतं.

शनिवारी सकाळी नानांना विशेष भरतं येतं. मुंबईची अलिबागकडे निघालेली वाहनं वडखळपासून तुंबतात, त्यात कॉइल लादलेले ट्रेलर, वर पाऊस, खाली खड्डे. नाना कठड्याला टेकून ट्युटोबुर्गचं जंगल समजावतात: इसवी सन ९, रोमन सेनापती वारुसच्या तीन लिजना, म्हणजे पलटणी, चिखलाची अरुंद वाट, लांबच लांब रांग, आणि झाडीतून तुटून पडलेले जर्मन. मग जवळच्या गाडीची काच ठोकून आतल्या कुटुंबाला सांगतात, "असं एका रांगेत अडकू नये." पर्यटक बापडा विचारतो, "काका, पुढे रस्ता मोकळा आहे का?" "त्या १७, १८, १९ नंबरच्या लिजना रोमने पुन्हा कधी उभ्या केल्या नाहीत," नाना म्हणतात. काच वर जाते.

पावसाळ्याच्या तोंडाशी खाडीच्या बांधाला खांड गेली, तेव्हा गावच्या बैठकीत नानांनी सीझरचा अलेसियाचा वेढा काढला: एक तटबंदी आतल्या शत्रूसाठी, दुसरी बाहेरून येणाऱ्या मदतीसाठी. तेव्हा बांधही दोन हवेत. एका म्हातारीने विचारलं, "माती कोन टाकनार, तुजा सीझर?" सीझरचे सैनिक खणायचं काम स्वतः करायचे, हे नानांना ठाऊक होतं, पण ते त्या दिवशी बोलले नाहीत.

घरी मात्र नानांची गाठ फेबियसशी असते. हॅनिबलशी समोरासमोर लढायचंच नाही, नुसतं मागे राहून त्याची रसद तोडायची, ही रोमन सेनापती फेबियसची रीत. नानी रोमचा इतिहास वाचत नाहीत. त्या भांडतही नाहीत. "करते हं," म्हणतात आणि चहा होत नाही. तासाभराने नाना निमूटपणे उठून पिठाची पिशवी घेऊन गिरणीत जातात. या मोहिमेवर त्यांनी नाक्यावर कधी व्याख्यान दिलेलं नाही.

परवा शाळेतल्या एका मुलीने त्यांना उंबरखिंड विचारली. खोपोलीच्या बाजूला, चावणीजवळ, २ फेब्रुवारी १६६१. शाहिस्तेखानाने कोकणात धाडलेला कारतलबखान खिंडीत उतरला आणि शिवाजी महाराजांच्या मावळ्यांनी दोन्ही तोंडं बंद केली. शेवटी सोबतची सरदार रायबागन हिच्या सल्ल्याने खान शरण आला, खंडणी देऊन सुटला. नाना हरखलेच. इसवी सनापूर्वी ३२१ मध्ये सॅम्नाइटांनी रोमनांना काउडियमच्या खिंडीत असंच कोंडलं होतं, शरण आल्यावर एकेकाला जोखडाखालून वाकवून बाहेर काढलं होतं! एवढी घरची लढाई आपल्या हातून सुटली कशी, म्हणून त्यांनी लगेच खानाचा खटला चालवायला घेतला.

"पण नाना, खानाने करायला काय हवं होतं?" मुलीने विचारलं.

"खिंडीत शिरायचंच नाही. सरळ सपाटीने यायचं. पनवेल, पेण, वडखळ..."

नाना थबकले. मागे एका ट्रेलरने भोंगा लावून धरला होता.

"नको," ते म्हणाले. "खिंडच बरी. निदान शरण तरी जाता येतं."